एका गोलनं पुढे असताना

माझ्या साडूचं कौतुक कानावर पडलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. ही आजची गोष्ट नाही, आणि मी ती कधी कुणापासून लपवलीही नाही. माझ्या बायकोला ते ठाऊक होतं, रावपुऱ्यात सासुरवाडीला धुणं धुणाऱ्या बाईला ठाऊक होतं, आणि खुद्द साडूलाही ठाऊक असणारच. पण त्यानं ते कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही, आणि त्याचा मला आणखी राग यायचा. तोंडावर मी त्याला साडूभाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. मनात मात्र अरे-तुरेच चालायचं. इथं मनातलंच लिहायचं आहे, तेव्हा अहो-जाहो राहू दे.

वयानं मी मोठा. पण त्याची बायको थोरली आणि माझी धाकटी, म्हणून नात्यानं तो मोठा. सणावारी सासुरवाडीला गेलं की पहिला पाट त्याचा, पहिलं वाढप त्याला, आणि वाकून नमस्कार करायचा तो मी. माझे कानाजवळचे केस पिकायला लागलेले आणि हा काळ्याभोर मिशांना पीळ देत पाटावर बसलेला. सासूबाई त्याच्या पोळीवर तुपाची धार धरायच्या ती इतका वेळ की माझ्यापर्यंत येताना वाटी रिकामी व्हायची. "धाकट्या जावईबापूंना आतून आणते हं," म्हणायच्या आणि आणायच्याही. पण ते मागाहून आणलेलं तूप मला कधी गोड लागलं नाही.

आम्ही दोघंही सरकारांच्या, म्हणजे बडोद्याच्या महाराजांच्या, लष्करात. मी पलटणीत होतो आणि माझी बरीचशी नोकरी खजिन्याच्या पहाऱ्यावर गेली. तो तोफखान्यात. सरकारांना खेळांची आवड, त्यामुळे बडोद्यात मैदानं झाली, सामने होऊ लागले, आणि लष्करातल्या चांगल्या फुटबॉल खेळाडूंना वेगळं वागवायची पद्धत पडली. त्यांना सकाळची कवायत माफ, रोज दूध, आणि संध्याकाळी मैदानावर हजेरी. लोक म्हणायचे, यांची चाकरी म्हणजे खेळणं. ते खोटं नव्हतं. आम्ही दोघं तरुणपणी तसेच खेळलो आणि गुडघे बोलायला लागल्यावर शिकवणारे झालो. पलटणीचा संघ माझ्याकडे आला आणि तोफखान्याचा त्याच्याकडे.

शिकवण्यात आमचं कधी पटलं नाही, आणि जे पटलं नाही ते एकाच बाबतीत. गोल कसा करायचा यावर आमचं भांडण नव्हतं. गोल झाल्यावर काय करायचं, यावर होतं. माझं म्हणणं साधं होतं. आपण एका गोलनं पुढं आहोत ना, मग आता गरज त्यांना आहे, आपल्याला नाही. धावू दे त्यांना. बडोद्याचं ऊन, पायाखाली तापलेली माती, आणि बहुतेक पोरं अनवाणी. पुढं असलेल्यानं दम राखावा, सगळी माणसं मागं घ्यावी, चेंडू पायाशी आला की लांब बाहेर मारावा आणि तो परत येईपर्यंत श्वास घ्यावा. मी आयुष्यभर खजिना राखला होता. हाती आलेलं सोडून आणखी मिळवायला बाहेर पडणारा पहारेकरी मी तरी पाहिला नव्हता.

त्याचं सगळं याच्या उलट. "पहिला गोळा लागला की दुसरा लगेच," असं तो पोरांना सांगायचा. "समोरच्यानं डोकं वर काढायच्या आत तिसरा." वास्तविक सणाच्या सलामीशिवाय त्यानं आयुष्यात तोफ उडवलेली नव्हती. पण बोलायचा असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा नुकताच लढाईवरून परत येतोय. एक गोल झाला की त्याचे मागचेही पुढं जायचे. गोलकीपर एकटा आणि बाकी सगळे समोरच्याच्या अंगावर. यात त्यानं हातचे सामने घालवलेही होते. चार गोल करून पाच खाल्लेला सामना मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात पेढे घेतले आणि कशाचे ते बायकोला सांगितलं नाही.

पण लोकांना तोच आवडायचा! तोफखान्याचा सामना असला की मांडवीचे दुकानदार दुकानं नोकरांवर टाकून येत. सगळं मैदान गुजरातीत "आगळ, आगळ!", म्हणजे पुढं, पुढं, ओरडत त्याच्या पोरांना रेटायचं. आमची पलटण एका गोलनं पुढं गेली की तेच लोक उठून धोतर झटकायला लागायचे. "चला, आता यांनी दार लावून घेतलं," असं एकानं माझ्यादेखत म्हटलं होतं. आम्ही तो सामना जिंकलो. तो पाच खाऊन हरला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि मी जिंकलो तेव्हा मला टोपी सापडेना म्हणून मी एकटाच मैदानावर मागं राहिलो.

माझी बायकोही त्यातलीच. लष्करातल्या घरच्या बाया सामन्याला दमणीत, पडदा लावलेल्या बैलगाडीत, बसून यायच्या आणि पडद्याच्या फटीतून बघायच्या. आमची दमणी ओळखायला मला वेळ लागत नसे, कारण तिच्या दाजींच्या, म्हणजे साडूच्या, पोरांनी मुसंडी मारली की तिचा पडदा सगळ्यात आधी बाजूला व्हायचा. मी एकदा तिला म्हटलं, "आमच्या सामन्याला पडदा हलत नाही तो?"

"तुमच्या सामन्यात बघण्यासारखं होतंच काय?" ती तिच्या बडोद्याच्या गुजराती वळणात म्हणाली. "सगळे आपापल्या जागी उभे. ते तर घरीही बघते ने मी, तुम्ही ओसरीवर बसलेले."

हे सगळं मी गिळलं असतं, पण त्या वर्षी मुंबईचं निघालं. मुंबईच्या सामन्यांना बडोद्याचा एकच संघ जायचा होता, पलटण आणि तोफखाना मिळून. खेळाडू कोण हे जवळजवळ ठरलं होतं. प्रश्न होता त्यांना शिकवायला आणि घेऊन जायला कोण, आणि जागा एकच होती. खेळांचं खातं ज्या मेजरसाहेबांकडे होतं त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की पलटण आणि तोफखाना यांच्यात एक सामना होईल, तो ते स्वतः बघतील आणि मग ठरवतील.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की दुसरं काही सुचेना. नुसती मुंबई बघायची म्हणून नव्हे. जिथं त्याची मिशी, त्याचं हसणं, त्याचं थोरलेपण काहीच मोजलं जाणार नाही अशी एक तरी जागा जगात आहे आणि तिथं मी त्याच्या आधी पोचलो, एवढं मला एकदा बघायचं होतं. सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी बायकोशी धड बोललो नाही. तिनं विचारलं, "जिंकलात तर काय करणार?" मी म्हटलं, "सासूबाईंकडे जेवायला जाणार." ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हतो.

कवायतीच्या मैदानावर सामना झाला. मैदानाच्या एका टोकाला बाभळीची रांग होती आणि दुसऱ्या टोकाला राजवाड्याकडून येणारा रस्ता. पंच म्हणून कॉलेजातले एक पारशी प्रोफेसर आले होते. मेजरसाहेब खुर्ची टाकून बसले. मी एका कडेला, साडू समोरच्या कडेला. त्यानं मला लांबून हात केला. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

दुसऱ्या डावात आमचा गोल बाभळीच्या बाजूला होता आणि त्यांचा रस्त्याच्या बाजूला. आम्हाला कॉर्नर मिळाला, आमच्या उंच हवालदारानं डोक्यानं चेंडू आत ढकलला आणि आम्ही एका गोलनं पुढं गेलो. हा हवालदार म्हणजे माझा कॅप्टन, शब्दाला शब्द न करणारा माणूस. मी दोन्ही हात वर करून मागं ओढले. ही माझी खूण होती. सगळा संघ मागं आला आणि आमच्या गोलपुढं फळी धरून उभा राहिला. लोकांतून नेहमीचा "अरेरे" असा आवाज आला. मला तो आवाज त्या दिवशी गोड लागला.

तोफखान्याची पोरं एकामागून एक येऊन आमच्या फळीवर आदळत होती आणि आमचे चेंडू लांब मारत होते. साडू समोरून ओरडून ओरडून लाल झाला होता. वेळ आमच्या बाजूनं सरकत होता. अशात रस्त्यावर घोड्यांच्या टापा वाजल्या आणि लाल वर्दीचा कोचमन दिसला.

सरकारी बग्गी होती. आमच्या पलटणीत पहिल्या दिवसापासून अंगात भिनवलेलं असायचं, की लाल वर्दी दिसली की मुजरा. आत कोण आहे, कुणी आहे की नाही, ते बघायचं नाही, बघणं हीच बेअदबी. माणूस जेवत असो, न्हात असो, त्यानं उभं राहून वाकायचं. तीनदा वाकायचं आणि बग्गी पुढं जाईपर्यंत मान वर करायची नाही.

आता माझा शहाणपणा बघा. मी सगळा संघ मागं घेतलेला. मागं घेतलेला संघ कुठं तोंड करून उभा असतो? समोर. आणि समोर होता रस्ता. माझ्या पोरांना, एकूणएक पोरांना, ती बग्गी स्वच्छ दिसली. तोफखान्याच्या पोरांची रस्त्याकडे पाठ होती, त्यांना काही दिसलं नाही. त्यांचा गोलकीपर आणि मागचे सुद्धा आमच्या दिशेनं बघत असलेले. माझी फळीच्या फळी जागच्या जागी थांबली आणि मुजऱ्याला वाकली. आमचा गोलकीपर तरसाली गावचा, तो तर नियमाला सगळ्यांत पक्का. त्यानं दोन्ही पाय जुळवले आणि तो पार जमिनीपर्यंत वाकला.

गोल मी पाहिला नाही. मीही वाकलो होतो.

मान वर केली तेव्हा चेंडू आमच्या गोलच्या मागं बाभळीच्या बुंध्याशी पडला होता, तोफखान्याचा फॉरवर्ड हात वर करून नाचत होता आणि आपलं अभिनंदन कुणी का करत नाही म्हणून गोंधळून इकडंतिकडं बघत होता. बग्गी रावपुऱ्याकडे निघून गेली होती. ती रिकामी होती, घोड्यांचे पाय मोकळे करायला काढलेली, असं नंतर कळलं.

मैदानावर असा काही गोंधळ माजला की विचारू नका. चेंडू चालू होता, शिट्टी वाजली नव्हती, तेव्हा गोल झाला म्हणजे झाला, असं अर्धे लोक म्हणत होते. उरलेले म्हणत होते, सरकारांच्या मुजऱ्यात वाकलेल्या माणसावर गोल कसला घेता? प्रोफेसरांना घाम फुटला. गोल द्यावा तर मुजरा करणाऱ्यांना शिक्षा केल्यासारखं होतं, न द्यावा तर खेळाचा नियम मोडतो. ते मेजरसाहेबांकडे बघायला लागले आणि मेजरसाहेब रुमालानं चष्मा पुसायला लागले. मी खेळ किती उरला ते मोजत होतो. गोल धरला तर बरोबरी, आणि उरलेल्या वेळात त्याची पोरं आमच्यावर तुटून पडणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात साडू मैदान ओलांडून मधोमध आला. फेटा काढून काखेत धरला आणि प्रोफेसरांना म्हणाला, "साहेब, हा गोल आम्हाला नको. आमच्या पाठीला डोळे असते तर आम्हीही वाकलो असतो."

मग काय! टाळ्या, शिट्ट्या, फेटे हवेत. "वाह, साचो माणस!" एक शेटजी माझ्या कानाशी ओरडला. प्रोफेसरांनी सुटलो बुवा अशा चेहऱ्यानं गोल रद्द केला. दमणीचा पडदा तर आता पुरता बाजूला झाला होता आणि माझी बायको आणि तिची बहीण दोघी हसत होत्या. सामन्यात आम्ही पुढं होतो. एका गोलनं पुढं होतो. आणि मैदानावर सगळे त्याच्याकडे बघत होते! मला वाटलं, आपल्याला बरोबरी चालली असती, हरणंही चाललं असतं, पण हे नको होतं.

पण जागा अजून माझी होती. मी स्वतःला समजावलं, की राहू दे, टाळ्या त्याच्या आणि मुंबई आपली. चेंडू पुन्हा मध्ये ठेवला. मी दोन्ही हात वर करून मागं ओढले.

कुणी मागं आलं नाही.

माझा हवालदार, शब्दाला शब्द न करणारा, माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तोफखान्यानं दान टाकलं आपल्याला. ते पदराला बांधून घरी गेलो तर बायका तोंडावर हसतील. माफी असावी." आणि वळला. पोरांना त्यानं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती. माझी फळी, मी वर्षानुवर्षं एकेक माणूस उभा करून बांधलेली फळी, गोल उघडा टाकून समोरच्यावर धावली.

"मागं या!" मी ओरडलो. "अरे, मागं या!" कडेनं धावत धावत ओरडलो. लोकांच्या आरड्यात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? ज्याला गेला त्यानं ऐकला नाही. आमच्या पोरांनी दुसरा गोल केला. मी म्हटलं, आता तरी या. त्यांनी तिसरा केला. तोफखान्याची पोरं भांबावून गेली होती, त्यांना असं अंगावर घ्यायची सवय नव्हती. लोक "आगळ, आगळ!" ओरडत होते आणि जन्मात पहिल्यांदा ते माझ्या पलटणीला ओरडत होते. सामना संपला तेव्हा आम्ही तीन गोलांनी जिंकलो होतो आणि माझा घसा पुरता बसला होता.

मेजरसाहेब खुर्चीवरून उठून आले. साडू शेजारीच होता, आधी येऊन माझा हात हातात घेऊन मोकळा झालेला. त्याचा हात गरम होता आणि तो खरंच खूश दिसत होता, हे मी लिहिलं नाही तर अन्याय होईल. मला तेव्हा अन्याय करायचीच इच्छा होती.

मेजरसाहेब म्हणाले, "मास्तर, आम्ही तुम्हाला भित्रे समजत होतो. पण पुढं असताना पोरांना असं सोडून दिलंत, याला छाती लागते. मुंबईला असंच खेळायचं. तुम्हीच जा."

जागा मिळाली. एवढ्या शब्दांत मिळाली. मी फक्त "जी" म्हणायचं होतं.

पण "असंच" या शब्दानं माझ्या डोक्यात जाळ झाला. असंच म्हणजे कसं? त्याच्यासारखं. मला जी शाबासकी मिळत होती ती त्याच्या खेळाची होती. मी मुंबईला जाणार तोही त्याच्या रीतीनं, आणि तिथं प्रत्येक गोलनंतर लोक म्हणणार, बघा, साडूकडून शिकला. मी शेजारी बघितलं. तो मिशीत हसत होता. कदाचित माझ्यासाठीच हसत असेल. माझा ताबा सुटला.

"मी नाही सोडलं त्यांना," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "मी मागं या म्हणून बोंबलत होतो. असला खेळ मी शिकवत नाही आणि शिकवणारही नाही."

मेजरसाहेबांनी चष्मा नीट बसवला. "तुम्ही मागं बोलावत होता?"

"जी."

"आणि ते पुढं गेले?"

मी हवालदाराकडे बघितलं.

"म्हणजे संघ तुमचं ऐकत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मग मुंबईला तुम्हाला पाठवून काय करू?" आणि साडूकडे वळले. "यांनी एक वाक्य बोललं तर आपली पोरं थांबली आणि दुसऱ्यांची पेटली. तुम्ही जा."

खेळाच्या रीतीवर हरलो असतो तर मी वाद घातला असता. पण इथं मला माझ्याच पोरांनी हरवलं होतं. साडू काहीतरी म्हणायला लागला, "साहेब, पण जिंकले ते हे," वगैरे. मी त्याला पुरं बोलू न देता मैदानातून निघालो.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. तिला सगळं कळलं होतं. बडोद्यात बातमी दमणीच्या आधी घरी पोचते.

"गप्प बसला असतात तर?" ती म्हणाली.

"त्याच्यासारखा खेळलो म्हणून शाबासकी घेऊ?"

"घ्यायची ने. दाजींनी नसती का घेतली?"

"त्यानं घेतली असती, हसत घेतली असती. म्हणून तर मी घेतली नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही हसेल. ती हसली नाही. "तुम्हाला मुंबई एवढी हवी होती," एवढंच म्हणाली आणि भाकरी आणायला उठली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो आणि मला पहिल्यांदा रडू यायला लागलं. हवी होतीच. आणि ती मीच तोंडानं घालवली, त्याच्या पायी.

दोन-तीन दिवसांनी सकाळी साडू दारात उभा. मी बायकोला खुणेनं सांगत होतो, की घरी नाही म्हण, पण तिनं आधीच "या दाजी" म्हणून पाट मांडला होता. त्यानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग फेटा मांडीवर ठेवून म्हणाला, "एक मागायला आलोय. मुंबईचे संघ आपल्यासारखे नाहीत. पुढं गेलो आणि माझी पोरं नेहमीसारखी उधळली तर तिथं चटणी होईल. तुमची फळी कशी बांधता ते मला शिकवा."

त्याला येत नव्हतं! मला हसू फुटता फुटता राहिलं. मग मनात आलं, उलटं शिकवावं. जरा इकडचं तिकडं करून सांगितलं असतं तर त्याला कळलंही नसतं. पण मग मुंबईत तो हरला असता आणि लोक म्हणाले असते, धाकट्या साडूची रीत वापरली म्हणून बुडाला. ते मला चालणार नव्हतं. माझी रीत त्याच्या हातात जाणार असेल तर ती खरीच निघायला हवी होती.

मी त्याला नदीपलीकडे अकोट्याच्या माळावर घेऊन गेलो. मुंबईला जाणारी पोरं बोलावली. मागच्या माणसांच्या कमरेला मी सुंभाचा एकच लांब दोर बांधायचो, मध्ये हाताहाताचं अंतर सोडून. एक सरकला की दोर ताणतो, मग सगळ्यांना सरकावं लागतं. सुरुवातीला पोरं एकमेकांवर पडतात, शिव्या देतात. मग हळूहळू दोर ताणायचा थांबतो. तो सैल राहायला लागला की सोडायचा. दोर सोडल्यावरही तो कमरेला आहे असं वाटलं पाहिजे, हे सगळ्यांत अवघड. फळीच्या टोकाचा माणूस आवाज देणारा हवा, मधला नको, कारण मधल्याला दोन्ही बाजू दिसत नाहीत. हे सगळं मी सांगत होतो आणि साडू पोरांच्या रांगेत स्वतः दोर बांधून उभा होता, पडत होता, उठत होता, विचारत होता. त्याला भराभर कळत होतं, त्याचाही मला राग आला. मला हे जमायला किती वर्षं लागली होती! संध्याकाळपर्यंत मी त्याला माझ्याकडचं सगळं दिलं, हातचं काही राखलं नाही. आणि देताना सगळा वेळ जळत होतो.

संघ मुंबईला गेला आणि जिंकून आला. शेवटच्या सामन्यात एका गोलनं पुढं गेल्यावर साडूनं सगळ्यांना मागं घेतलं आणि शेवटपर्यंत फळी हलू दिली नाही, अशी बातमी आधीच आली होती. ज्या लोकांनी माझ्या फळीला "दार लावून घेतलं" म्हणून नावं ठेवली होती, तेच आता मांडवीत एकमेकांना सांगत होते, "काय डोकं आहे माणसाचं! कुठं थांबायचं ते कळायला पाहिजे."

सासूबाईंनी जेवण घातलं. घरचे होतेच, शेजारपाजारचेही आले होते. मी जाणार नव्हतो, पण बायकोनं माझं धोतर काढून ठेवलं होतं आणि तिच्या तोंडाकडे बघून मी निमूट नेसलो. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा कुणीतरी साडूला शेवटच्या सामन्याचं विचारलं. तो घास खाली ठेवून ताठ बसला.

"त्यात माझं काही नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ही रीत यांची. मला येत नव्हती. मी यांच्या दारात जाऊन मागितली आणि यांनी हात न आखडता दिली. मुंबई यांनी जिंकली, मी फक्त गाडीत बसून गेलो." आणि माझ्याकडे हात केला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्या घरात सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. आता कुणीतरी काहीतरी बोलेल, म्हणून मी मान खाली घालून वाट बघत राहिलो.

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "पाहिलंत?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "एवढं जिंकून आले, पण श्रेय दुसऱ्याला देतात. असं मन लागतं."

"लाखात एक," शेजारीण म्हणाली. सासऱ्यांनी मान डोलावली. माझी बायको वाढता वाढता थांबली होती, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ती बघत होती साडूकडे.